रिसेट दाबला की चालू, चार दिवसांनी पुन्हा बंद: तेलावरच्या जुन्या वॉटर हीटरचं दुखणं शोधताना

तेलावर, म्हणजे डिझेलसारख्या इंधनावर, चालणाऱ्या जुन्या वॉटर हीटरची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच. रिसेटचं लाल बटण दाबलं की बर्नर सुरू होतो, चार-आठ दिवस बरा चालतो, आणि मग एके सकाळी नळाला गार पाणी. पुन्हा बटण, पुन्हा तेच. मधल्या काळात कुणीतरी येऊन नोझल बदलून जातं, फिल्टरही बदललेला असतो, तरी महिनाभरात गाडी मूळ पदावर येते. हीटर अजिबात चालत नसेल तर दोष शोधणं सोपं असतं. कधी चालतो, कधी चालत नाही, हे खरं डोकं खाणारं प्रकरण.

आधी ते बटण काय करतं ते पाहू. टाकीतलं पाणी गार झालं की थर्मोस्टॅट बर्नरवरच्या कंट्रोल बॉक्सला हाक देतो. कंट्रोल मोटर आणि ठिणगीचा ट्रान्सफॉर्मर एकदम चालू करतो. मोटरच्या एकाच दांड्यावर हवेचा पंखा आणि तेलाचा पंप असे दोन्ही फिरतात. पंपातून दाबाने आलेलं तेल नोझलमधून धुक्यासारखं बारीक होऊन फवारलं जातं, ठिणगी त्याला पेटवते, आणि ज्योत दिसली की नाही हे कॅड सेल नावाचा छोटा डोळा पाहतो. ठरलेल्या वेळात त्याला ज्योत दिसली नाही, तर कंट्रोल सगळं बंद करून स्वतःला कुलूप लावून घेतो आणि रिसेटचं बटण वर येतं. ते दाबलं की कुलूप उघडतं. हा वेळ नव्या कंट्रोलमध्ये साधारण १५ सेकंद, जुन्यांमध्ये ३० किंवा ४५ सेकंद असतो. फारच जुन्या हीटरला डोळा नसतो. धुराच्या नळीत खुपसलेली, उष्णतेने पीळ घेणारी एक पट्टी ज्योतीची खबर देते, आणि ती आणखी सावकाश.

म्हणजे बटण वर आलं याचा अर्थ हीटर बिघडला एवढाच नाही. ‘मी तेल फवारलं, पण आग दिसली नाही’ असा तो निरोप आहे. ते फवारलेलं तेल कुठं गेलं? ते आत, ज्वलनकक्षातच आहे. ०.६५ गॅलन प्रतितास असं लिहिलेलं नोझल तासाला जवळजवळ अडीच लिटर तेल सोडतं. ४५ सेकंदांचा कंट्रोल असेल तर दर फसलेल्या प्रयत्नाला सुमारे ३० मिलिलिटर तेल आत साचतं. पाच वेळा बटण दाबलं की १५० मिलिलिटर. सहाव्या वेळी ठिणगी पडली तर ते सगळं एकदम पेटतं, धुराची नळी सांध्यातून निखळते आणि घरभर काजळी उडते. म्हणून नियम साधा: बटण एकदा दाबायचं. नाही पेटला तर थांबायचं. दोनदा-तीनदा दाबून झालेलंच असेल, तर कक्ष गार होऊ द्या, झरोक्यातून टॉर्च मारून तळाशी तेल चकाकतंय का ते पाहा, आणि असेल तर ते टिपून घेतल्याशिवाय वीज जोडू नका.

बंद पडताना पाहणं हे अर्धं काम

दुरुस्तीला आलेला माणूस पोचतो तेव्हा हीटर शहाण्यासारखा चालत असतो, आणि मग अंदाजाने भाग बदलले जातात. त्यापेक्षा एक प्रयत्न नीट पाहा. हातात सेकंदाचं घड्याळ, डोळा झरोक्यावर, आणि दुसऱ्या कुणाला तरी गरम पाण्याचा नळ सोडायला सांगा.

मोटर फिरली, पण ज्योत आलीच नाही आणि ठरल्या वेळी सगळं थांबलं, तर एक तर तेल नाही किंवा ठिणगी नाही. या दोन्हींत फरक करणं जमतं. झरोक्यातून पांढरट वाफ दिसली आणि तेलाचा उग्र वास आला, तर तेल येतंय, ठिणगी येत नाही. आत कोरडं ठणठणीत असेल तर तेलच पोचत नाही. मग टाकीत तेल आहे का ते आधी पाहा, कारण टाकीवरचा काटा अडकलेला असतो आणि टाकी रिकामी असते.

ज्योत छान पेटली, स्थिर जळली, आणि तरीही घड्याळात बरोबर १५ किंवा ४५ सेकंद झाल्यावर थांबली, तर तेल आणि ठिणगी दोघांनाही सोडून द्या. डोळ्याला ज्योत दिसत नाही, किंवा डोळ्याची खबर कंट्रोलपर्यंत जात नाही.

ज्योत पेटली, पाच-दहा मिनिटं चालली, मग फडफडली, आवाज बदलला आणि विझली, तर गुन्हेगार बहुतेक वेळा तेलाच्या वाटेवर सापडतो: हवा, गाळ, पाणी, किंवा टाकीला श्वास घ्यायला जागा नसणं.

आणि बर्नरने मुळात हालचालच केली नाही, बटणही वर आलेलं नाही, तर विषय वेगळा. मुख्य खटका, फ्यूज, थर्मोस्टॅट पाहा. इथं एक गंमत आहे. सुरू होण्याआधीच डोळ्यावर उजेड पडत असेल, तर कंट्रोलला वाटतं आत आधीपासून आग आहे, आणि तो सुरूच होत नाही. बर्नरचं झाकण उघडं ठेवून टॉर्चच्या झोतात ‘हा का चालत नाही’ म्हणून शोधत बसलात, तर उत्तर तुमच्याच हातात असतं.

मोटरला स्वतःचंही एक छोटं रिसेट बटण असू शकतं, अंगावरच. ते वर आलं असेल तर मोटर तापते आहे: पंप जड फिरतोय, कपॅसिटर गेलाय किंवा बेअरिंग वाळलंय. ते आणि कंट्रोलचं बटण एक समजून चालू नका. ‘रिसेट दाबला’ असं कुणी सांगितलं की कुठला, हे आधी विचारावं.

हात लावण्याआधी

वीज मुख्य खटक्यावरून बंद, तेलाचा कॉक बंद, आणि हीटर पूर्ण गार. काजळीच्या थराखाली धुमसता कण तासभर टिकतो, म्हणून नुकताच बंद झालेला हीटर उघडायचा नाही. ट्रान्सफॉर्मर १०,००० व्होल्ट देतो. ठिणगी तपासायला स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहण्याची जुनी युक्ती काही लोक कौतुकाने दाखवतात, ती पाहायची आणि विसरायची. जुन्या हीटरच्या कक्षाच्या अस्तरात, दोरीच्या पॅकिंगमध्ये किंवा नळीभोवतीच्या लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतं. राखाडी-पांढरं तंतूमय काही दिसलं तर ते खरवडू नका. नंतरच्या सिरॅमिक तंतूंच्या अस्तराची धूळही फुप्फुसाला वाईट, तेव्हा साधा रुमाल चालणार नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात नसेल तर तो लागेपर्यंत हीटर चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अनेक ठिकाणी बर्नरचं काम परवानाधारक तंत्रज्ञानेच करायचं असा नियम असतो, तो आधी पाहून घ्या.

तेलाची वाट: इथंच वेळ घालवा

वारंवार बंद पडणाऱ्या हीटरमध्ये लोक नोझल बदलत राहतात, कारण ते बदलणं सोपं असतं. माझा कल उलटा आहे. सुरुवात तेलाच्या टाकीपासून करायची आणि नोझलवर शेवटी यायचं.

टाकी बर्नरपेक्षा खाली असेल, किंवा नळी वरून घेतली असेल, तर पंप तेल ओढून घेतो. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी नळी निर्वातात काम करते. आता हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण निम्मी मंडळी इथंच फसतात. निर्वातातल्या नळीला भोक असेल तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधे हाताने चाचपले, सगळे कोरडे, म्हणून ‘गळती नाही’ असा निकाल दिला जातो. कोरडा सांधा हा इथं पुरावा नाही.

हवा आहे का, ते पाहायची खात्रीची पद्धत पंपावरच्या ब्लीडरची. ब्लीडर म्हणजे पंपावरचं हवा काढायचं छोटं निपल. त्यावर पारदर्शक नळी घट्ट बसवा, दुसरं टोक काचेच्या बरणीत थोड्या तेलाखाली बुडवा, निपल अर्धा-पाऊण फेरा सैल करा आणि बर्नर सुरू करा. निपल उघडं असताना पंपाचा दाब चढत नाही, त्यामुळे तेल बरणीत जातं, कक्षात जात नाही. या कामापुरतं बटण एकापेक्षा जास्त वेळा दाबावं लागलं तरी चालतं. नळीतून आधी फेस, मग तुटक बुडबुडे, मग सलग तेल येतं. सलग आलं की बर्नर चालू असतानाच निपल घट्ट करा, ज्योत पेटते.

निपल घट्ट करण्याआधी मात्र नळीकडे नीट बघत राहा. बुडबुडे थांबतच नसतील, साबणाच्या पाण्यासारखी बारीक मण्यांची ओळ येतच राहत असेल, तर ओढणाऱ्या बाजूला हवा शिरते आहे. ती काढून टाकून भागणार नाही. आज काढलेली हवा चार दिवसांत पुन्हा पंपात जमते, आणि ‘चार दिवस चालतो’ या तक्रारीचं रहस्य बऱ्याचदा एवढंच असतं.

हवा शिरण्याची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे फिल्टरचं झाकण. फिल्टरचं भांडं खाली, झाकण वर, मधून एक लांब बोल्ट. झाकणाच्या खाचेत एक गॅस्केट, आणि बोल्टच्या डोक्याखाली एक छोटं वायसर. फिल्टर बदलणारा घाईत असला की दोन गोष्टी होतात. जुनं गॅस्केट खाचेत चिकटून राहतं, काळं झालेलं असल्यामुळे ते लोखंडाचाच भाग वाटतं, आणि नवं त्याच्यावर बसवलं जातं. दुसरं, नव्या फिल्टरच्या पाकिटात आलेलं ते बोल्टचं वायसर पाकिटातच राहतं आणि कचऱ्यात जातं. दोन गॅस्केट एकावर एक बसली तर पाना कितीही आवळा, झाकण एका बाजूला किंचित उचललेलं राहतं. खाच लाकडी काडीने खरवडून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा, नव्या गॅस्केटला तेलाचं बोट लावा, वायसर नवं घाला, आणि झाकण बसवण्याआधी भांडं काठोकाठ तेलाने भरा. तेवढी हवा आधीच कमी.

झाकण उघडलंच आहे तर आतला ऐवजही वाचून घ्या. साधारण वर्षभर चाललेला फिल्टर तपकिरी आणि तेलाने जड झालेला असतो, तो ठीक. काळा, चिकट, शेवाळासारखा लिबलिबीत थर असेल तर टाकीत पाणी आहे, कारण तेल आणि पाणी भेटतात त्या रेषेवर जिवाणू-बुरशी वाढतात आणि तोच हा चिखल. तांबूस गंजाचे कण असतील तर टाकी आतून खाल्ली जाते आहे. भांड्यातलं तेल काचेच्या बरणीत ओतून अर्धा तास ठेवा. तळाशी पाण्याचा वेगळा थर बसला, तर नोझल आणि फिल्टर कितीही बदला, टाकीच्या तळाचं पाणी काढेपर्यंत सुटका नाही. पाण्याचा थेंब नोझलला पोचला की ज्योत तडतडते आणि विझते, पुढचा थेंब तेलाचा असेल तर पुन्हा पेटते. हे दिसायला अगदी ठिणगीच्या दोषासारखं दिसतं.

फ्लेअर नटऐवजी (नळीचं पसरट केलेलं टोक आवळणारा नट) कॉम्प्रेशनचे, म्हणजे नळीवर कडी दाबून बसवलेले, सांधे वापरले असतील तर तेही संशयित. नळाच्या कामाची पांढरी टेप तेलाच्या सांध्यांना गुंडाळू नका. तिचे धागे तुटून पंपाच्या जाळीत आणि झडपेत अडकतात. तेलाला टिकणारा लेप मिळतो, तो वापरा. टाकीच्या कॉकच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग वाळलेलं असतं, तिथूनही हवा जाते, आणि हे सहसा कुणी बघत नाही.

बुडबुडे नाहीत, पण तेल कमी येतंय, असं असेल तर पंपाच्या ओढ बाजूला निर्वात मोजणारं गेज लावतात. एकाच नळीच्या जोडणीत पाऱ्याचे ६ इंच हे साधारण वरचं टोक मानतात. काटा त्याच्या बराच वर गेला तर वाट तुंबली आहे: फिल्टर, चेपलेली नळी, अर्धवट उघडा कॉक, पंपातली जाळी. टाकी खूप खोल असतानाही काटा शून्यालाच चिकटला, तर पंपाला ओढ नाही किंवा हवा मोकळी येते आहे. टाकी उंचावर असेल आणि तेल आपोआप उतरत असेल तर शून्याजवळचा आकडा बरोबरच असतो.

टाकीला श्वास लागतो, हे वर म्हटलं. तेल खाली गेलं की तेवढी हवा वरच्या व्हेंटमधून आत यायला हवी. त्या नळीत किड्यांनी घरटं केलं किंवा तोंडाला बर्फ साचला, की टाकीत हळूहळू निर्वात तयार होतो, बर्नर काही वेळ चालतो आणि उपाशी मरतो. थोड्या वेळाने दाब सावकाश भरून येतो, म्हणून रिसेट दाबल्यावर चालतो. तपासणी अगदी सोपी: बंद पडल्यावर लगेच टाकी भरायचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा ‘स्स’ असा आवाज आला तर कारण सापडलं.

कडाक्याच्या थंडीतच बंद पडत असेल आणि टाकी उघड्यावर असेल, तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बुजवतं. तेल धूसर दिसतं. केरोसीन मिसळलेलं किंवा हिवाळी तेल हा त्यावरचा उपाय. नळीवर आग धरून ती गरम करणं हा नव्हे.

टाकी भरून झाल्याबरोबर बंद पडत असेल तर भरताना तळाचा गाळ ढवळला गेला आहे. भरताना बर्नर बंद ठेवावा आणि गाळ बसायला काही तास द्यावेत.

पंप, कपलिंग आणि नोझल

मोटर आणि पंप यांच्यामध्ये एक लहानसं कपलिंग असतं, बहुधा प्लॅस्टिक-रबराचं. ते झिजलं की मोटर झकास फिरते, पंप मात्र फिरत नाही किंवा गरम झाल्यावर घसरतो. हवा नाही, तेल आहे, तरी दाब नाही, असं झालं की कपलिंग काढून टोकं पाहा. चौकोनी भोक गोल झालेलं दिसतं.

दाब गेजनेच मोजायचा. जुन्या बर्नरना साधारण १०० पीएसआय, म्हणजे ७ बारच्या आसपास, तर नव्यांपैकी काहींना १४० पीएसआय लागतो. बर्नरच्या पाटीवर जो लिहिला असेल तोच खरा. दाब वाढला की त्याच नोझलमधून जास्त तेल जातं: १०० वर ०.५० गॅलन देणारं नोझल १४० वर सुमारे ०.५९ देतं. कुणी ‘ज्योत जरा जोरात हवी’ म्हणून पंपाचा स्क्रू पिळला असेल, तर काजळी का साचते याचं उत्तर तिथं आहे.

गेज लावलेलंच असताना आणखी एक पाहा. बर्नर बंद झाल्यावर काटा थोडा खाली येऊन तिथंच टिकायला हवा. तो सरळ शून्यावर घसरला, तर पंपातली बंद करणारी झडप गळते आहे. असा पंप बर्नर थांबल्यावरही नोझलमधून तेल ठिबकवत राहतो, आणि ते गरम कक्षात धुमसत राहतं. हीटर बंद होताना घुमघुम आवाज आणि मागाहून तेलाचा वास येत असेल तर दोन शक्यता: ही झडप, किंवा नोझलच्या नळीत अडकलेली हवा, जी दाब गेल्यावर फुगून तेल बाहेर ढकलते.

नोझलबद्दल थोडक्यात. वर्षातून एकदा बदलावं, तार घालून साफ करू नये. त्याचं छिद्र आणि आतल्या तिरक्या खाचा इतक्या बारीक असतात की तारेचा एक ओरखडा फवारा वाकडा करतो. टोकाला बोट लावू नका. नव्याचा आकडा, फवाऱ्याचा कोन आणि फवाऱ्याचा प्रकार, तिन्ही पाटीशी जुळायला हवेत. ‘०.६५ होतं, ०.६५ लावलं’ एवढं पुरत नाही. ८० अंशांच्या जागी ६० अंशांचं बसलं तर ज्योत लांबट होऊन समोरच्या भिंतीवर आदळते आणि तिथं कोळशाचा गोळा तयार होतो. बसवताना दोन पाने वापरा, एक अडॅप्टर धरायला आणि एक नोझल फिरवायला, नाहीतर ठिणगी पाडणारे इलेक्ट्रोड हलतात आणि नवाच दोष पैदा होतो.

ठिणगी

तेल येतं, ठिणगी येत नाही, आणि तेही फक्त दमट हवेत किंवा पावसात. हे लक्षण ऐकलं की मी आधी इलेक्ट्रोडचं चिनीमातीचं आवरण बघतो. ते बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात फिरवून पाहा. केसाएवढी बारीक काळी रेघ दिसली, पुसूनही न जाणारी, तर ती तडा आहे आणि त्यात कार्बन भरला आहे. वीज टोकांमधून उडी मारण्याऐवजी त्या रेघेतून नळीच्या लोखंडात उतरते. कोरड्या दिवशी थोडीफार ठिणगी मिळते, दमट दिवशी नाही. असा इलेक्ट्रोड बदलायचाच, त्याला चिकटवण्याचा उपाय नाही.

टोकांमधलं अंतर बहुतेक बर्नरना ३ ते ४ मिलिमीटर लागतं. टोकं नोझलच्या किती वर आणि किती पुढे, हे बर्नरच्या मॉडेलवर ठरतं, अंदाजाने वाकवू नका. टोकं फवाऱ्याच्या आत आली तर त्यांवर काजळीच्या मिशा वाढतात आणि एक दिवस त्या मिशाच दोन टोकं जोडून टाकतात. ट्रान्सफॉर्मरच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या इलेक्ट्रोडच्या दांड्यांना घट्ट टेकलेल्या हव्यात. बर्नरचं झाकण नीट न बसल्यामुळे त्या नुसत्या हवेत राहिल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

डोळा

कॅड सेलवर उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. वीज बंद करून सेल बाहेर काढा, मऊ फडक्याने काच पुसा, बसवताना तो नळीतून सरळ ज्योतीकडे पाहतो ना ते बघा. निम्म्या वेळा एवढ्याने काम होतं. पण काच पुन्हा आठवड्याभरात काळी झाली, तर दोष डोळ्याचा नाही. ज्योत घाण जळते आहे आणि डोळा फक्त ते सांगतो आहे.

मोजून पाहायचं असेल तर ज्योत चालू असताना सेलच्या दोन तारांमध्ये साधारण १,६०० ओमच्या आत आकडा यायला हवा, अंधारात तो हजारोंनी वाढतो. ज्योत स्वच्छ, काच स्वच्छ, आणि आकडा तरीही काठावर खालीवर नाचतोय, तर सेल बदला. तो स्वस्तातला भाग आहे, त्याच्याशी झटत बसण्यात अर्थ नाही. सेलच्या तारा एकमेकींना जोडून ‘सध्यापुरतं’ चालवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला पुन्हा बोलवू नका. हा डोळाच ती एकमेव गोष्ट आहे जी आग नसताना तेल थांबवते.

काजळी आणि धूर

पाण्याच्या टाकीच्या मधोमध धुराची नळी जाते आणि तिच्यात वळणावळणाची लोखंडी पट्टी टांगलेली असते, म्हणजे गरम धूर रेंगाळावा. तिच्यावर काजळी साचली की धूर कोंडतो, हवा कमी पडते, अजून काजळी होते. ती पट्टी वरून बाहेर काढून, नळी लांब ब्रशने घासून, खाली पडलेली काजळी काढावी. पट्टी वाकडी किंवा जळून अर्धी झाली असेल तर नवी लावा. ती काढूनच टाकली तर हीटर धडाडून जळतो आणि पाणी मात्र सावकाश तापतं.

हवेची झडप डोळ्यांनी लावू नका. पिवळी-नारिंगी, टोकाला धूर नसलेली ज्योत ठीक दिसते, पण ठीक दिसणं आणि ठीक असणं यात फरक आहे. तंत्रज्ञ धुराचा नमुना कागदावर घेतो आणि ० ते ९ च्या पट्टीशी ताडतो. शून्य किंवा जेमतेम छटा हवी. त्यासोबत कक्षातली धुराची ओढ, कार्बन डायऑक्साइड आणि मोनॉक्साइड हेही मोजतो. हा भाग यंत्राशिवाय होत नाही, यासाठी माणूस बोलवावा. नोझल बदललं की ही मोजणी पुन्हा करायची असते, नुसतं नोझल फिरवून निघून जाणारा अर्धंच काम करतो.

एक्झॉस्ट पंखा किंवा कपडे सुकवायचं यंत्र चालू असतानाच हीटर बंद पडत असेल, तर खोलीतली हवा बाहेर ओढली जाते आणि धुरांड्याची ओढ उलटते. बर्नरमध्ये काही शोधू नका. खोलीला बाहेरची हवा मिळण्याची सोय करा. ती होईपर्यंत दोन्ही एकदम चालवू नका, कारण उलटलेला धूर घरातच उतरतो.

पाण्याच्या बाजूचा या दुखण्याशी फारसा संबंध नसतो, तेव्हा तिथं घोटाळू नका. खदखद आवाज येत असेल तर तळाशी क्षार साचलेत, बादलीभर पाणी तळाच्या कॉकमधून सोडून पाहा. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी कधीही बुच लावून बंद करू नये. पाण्याची टाकीच गळायला लागली असेल तर वर लिहिलेलं सगळं सोडा, बर्नर कितीही चांगला असला तरी हीटर बदलायची वेळ आली आहे.

बसवून झाल्यावर

सगळं जोडल्यावर एकदाच पेटवून हात झटकू नका. गरम पाणी सोडून हीटरला निदान तीन वेळा गार आणि गरम होऊ द्या, आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून पाहा: ज्योत किती सेकंदांत पेटली, थांबताना एकदम तुटली की रेंगाळली. चांगला बर्नर जवळजवळ लगेच पेटतो आणि चाकूने कापल्यासारखा थांबतो.

जाड पुठ्ठ्याची एक चिठ्ठी हीटरला तारेने बांधा. नोझलचा आकडा, कोन आणि प्रकार, पंपाचा दाब, इलेक्ट्रोडमधलं अंतर, फिल्टर बदलल्याची तारीख, आणि पुन्हा बंद पडलाच तर त्या दिवशी काय पाहिलं: पेटलाच नाही, पेटून थांबला, की चालता चालता विझला, आणि पाऊस होता का. पुढे येणाऱ्या तंत्रज्ञाचा अर्धा तास यात वाचतो.

रात्री फिल्टरखाली आणि प्रत्येक सोडलेल्या सांध्याखाली कोरड्या कागदाचा तुकडा ठेवा. टाकी उंचावर असेल तर सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला की तो सांधा पुन्हा करा. टाकी खाली असेल तर कागद कोरडाच राहील, म्हणून आठवड्याने ब्लीडरला पुन्हा ती पारदर्शक नळी लावा आणि बुडबुडे पाहा.